आपले गोधन व त्याची सुधारणा

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला की आमच्या वरच्या वर्गांतील हजेरी एकाएकी कमी होते, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. गेल्या खेपेस असाच एक विद्यार्थी चांगला आठवडाभर शाळेत आला नाही. परत आल्यावर कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, बैल नांगराखाली बसला तो उठलाच नाही. बाबा दुसऱ्याचा बैल मागायला गावोगाव हिंडत होते, म्हणून घरी राहावे लागले." बैलास कोणता रोग झाला होता, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "रोग काही नव्हता. उन्हाळ्यात वाळून गेला होता."

रोग काही नव्हता. उन्हाळ्यात वाळून गेला होता! हे उत्तर माझ्या मनातून जाईना. ज्या आलापल्लीचे सागवान देशोदेशी प्रसिद्ध आहे, जेथील 'वनवैभव' २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले, ज्या मुलखात पावसाळ्यात पाय ठेवीन तेथे हिरवे गवत उगवते, त्या मुलखातील बैल उपाशी कसा मरतो? आणि हे टळावे म्हणून आपल्यासारख्या साध्या कुटुंबांस काय करता येईल? ह्या दोन प्रश्नांचा यथाशक्ति विचार करण्यासाठी हा लेख लिहिला आहे. विद्यार्थ्यांनी तो स्वतः वाचावा, आणि ज्यांचे वडील वा आजोबा वाचू शकत नसतील त्यांनी सायंकाळी अंगणात बसून त्यांस वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या भागात जनावर हे केवळ दुधासाठी पाळले जात नाही. भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात चालून चिखलणी करणारा बैल हा शेतीचा मुख्य आधार होय. जेथे यंत्र पोहोचते तेथेही लहान बांध्यांत व उतारावरच्या तुकड्यांत अजून बैलावाचून भागत नाही. दुसरा लाभ शेणखताचा व तिसरा दुधाचा. शिवाय अडचणीच्या वेळी विकता येईल अशी ती घरची ठेवच असते. मुलीचे लग्न, आजारपण, मुलाची फी ह्यांची तरतूद कित्येक घरी गोठ्यातूनच होते. म्हणून पोळ्याला बैलांची शिंगे रंगविली जातात आणि दिवाळीच्या पाडव्याला आमच्या झाडीपट्टीत गोवारी बांधव गायगोधन साजरे करतात. ह्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वर्षातून दोन दिवस शिंगांना रंग लावणारे आपण उरलेल्या दिवसांत त्याच जनावराच्या गव्हाणीत काय घालतो, हे मात्र फारसे पाहत नाही.

आपला प्रदेश ओला की कोरडा? पाठ्यपुस्तकात पूर्व विदर्भ भरपूर पावसाचा म्हणून सांगितला आहे व ते खरेच आहे. पण हा सारा पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. पुढील आठ महिने जनावरांच्या दृष्टीने हा मुलूख जवळजवळ कोरडाच असतो. पावसाळ्यातील कोवळे गवत अंगाला लागते. परंतु आश्विन-कार्तिकात त्याला बी धरले की त्याचा सारा कस निघून जातो आणि मागे उरते ती केवळ काडी. माघ-फाल्गुनात तेही राहत नाही. मोहफुले वेचताना झाडाखालचा पाला जाळण्याची जी रीत आहे, तिच्या ठिणगीने पुष्कळदा दूरवरचे गवत जळून जाते. सागाचे पान गुरे सहसा खात नाहीत. म्हणून उन्हाळ्यात आपले जंगल डोळ्यांना भरलेले दिसले तरी गुरांच्या पोटाला रिकामेच असते. मामा तलाव आटतात, नाल्यांत डबकी उरतात, आणि गुराख्यास चार घास चाऱ्यासाठी व घोटभर पाण्यासाठी कळप दूर दूर न्यावा लागतो. तेथे वाघाचे भय. चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांत गुरे व गुराखी ह्या दोघांसही ह्या भयाची किंमत मोजावी लागलेली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, आमच्या घरी तणसाचा मोठा ढीग असतो. उन्हाळ्यात जनावरास पोटभर तणस मिळते. मग ते का वाळते? हा प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असावे. गाय-बैलांच्या पोटात चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे जणू आंबवण्याची एक कोठीच आहे. तेथे असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि जी काडी मनुष्यास पचणार नाही ती तेच कुजवून, फोडून गाईस पचण्याजोगी करतात. म्हणजे आपण गाईस चारा घालतो तो आधी ह्या सूक्ष्म जीवांस घालतो. त्यांच्या वाढीस नत्र लागते. आणि भाताच्या तणसात प्रथिनांचा अंश शेकडा तीन-चारच असतो. ह्या जीवांची उपासमार झाली की काडी लवकर फुटत नाही, पोटात तशीच पडून राहते, पोट फुगलेले दिसते, आणि भरल्या पोटामुळे गाय आणखी खात नाही. अशा रीतीने पोट भरलेले व अंग रिकामे अशी तिची स्थिती होते. जनावर वाळण्याचे मर्म येथे आहे.

दुर्बळ जनावर पाळणाऱ्याची पुढे काय अवस्था होते हेही पाहू. १९२६ साली नेमलेल्या व लॉर्ड लिनलिथगो अध्यक्ष असलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये आपला अहवाल दिला. गुरांच्या संगोपनाची परिस्थिती जितकी वाईट तितकी गुरांची संख्या वाढत जाते, असा विलक्षण निष्कर्ष त्यात नोंदविलेला आहे. हा निष्कर्ष आजही आमच्या गावांस लागू पडतो. एक बैलजोडी अशक्त, म्हणून काम उरकण्यासाठी दुसरी ठेवावी लागते. एक गाय दोन-दोन वर्षे वीत नाही, म्हणून घरात दूध राहावे यासाठी चार गाई ठेवाव्या लागतात. संख्या वाढली की तेवढाच चारा अधिक तोंडांत वाटला जातो व सर्वच जनावरे आणखी दुर्बळ होतात. मग आणखी जनावरे! ह्या रहाटगाडग्यातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच: थोडी पाळावी, पण नीट पाळावी.

आता रोगांकडे वळू. ह्या बाबतीत आपल्या वडिलांच्या पिढीने एक असा विजय पाहिला आहे की ज्याची आठवण मुलांस अवश्य द्यावी. बुळकांडी नावाचा रोग एकेकाळी गावेच्या गावे निर्जनावर करीत असे. त्याच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यास एक प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविली गेली व पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. लस सिद्ध झाली. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली. भारतात ह्या रोगाचा शेवटचा उद्भव १९९५ साली नोंदला गेला. आणि २०११ मध्ये तो साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याने समूळ नाहीसा केलेला जनावरांचा हा पहिला रोग होय. हे कार्य गावोगाव, गोठोगोठी टोचणी झाली म्हणूनच तडीस गेले. एकाही गावाने अंग चोरले असते तर रोग तेथे दबा धरून बसला असता.

परंतु घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत हे रोग अजून आहेतच. पहिले दोन बहुधा पावसाळ्याच्या तोंडी येतात, म्हणून त्यांची लस पाऊस लागण्यापूर्वी टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकूताने जनावर क्वचित मरते, पण बैल ऐन हंगामात लंगडा होतो व गाईचे दूध आटते. त्याच्या निवारणासाठी २०१९ पासून देशव्यापी लसीकरण चालू झाले आहे. २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांत किती हानी केली हे सर्वांस ठाऊक आहे. तो डास, माश्या, गोचीड अशा चावणाऱ्या कीटकांनी पसरतो, म्हणून गोठा स्वच्छ ठेवणे हीही एक लसच समजावी. टोचणीचे पथक गावात आले असता "आमच्या ढोराला काही झाले नाही, मग सुई कशाला?" असे म्हणून गुरे रानात हाकलून देणारे लोक मी पाहिले आहेत. घराला आग लागल्यावर विहीर खणण्यासारखाच हा प्रकार आहे.

चारा, पाणी व रोग ह्यांनंतर येतो तो वंशाचा प्रश्न. शास्त्रज्ञांचा असा अंदाज आहे की, एका गाईच्या व दुसऱ्या गाईच्या दुधात जो फरक दिसतो त्यापैकी साधारणपणे पाव हिस्साच वंशामुळे असतो; बाकीचा संगोपनामुळे. म्हणून आधी गव्हाण व मग वंश हा क्रम सोडू नये. तथापि हा पाव हिस्सा तुच्छ नाही, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. चारा आज घातला तर आजच्या गाईस लाभ. चांगला वंश आणला तर तिच्या नातीस व पणतीसही लाभ.

वंशाच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. गोऱ्हा चांगला अंगापिंडाचा निघाला की आपण काय करतो? तो उत्तम बैल होईल म्हणून त्यास खच्ची करून नांगराला जुंपतो किंवा बाजारात चांगल्या किमतीस विकतो. जो खुरटा, ज्यास गिऱ्हाईक नाही, तो तसाच कळपात मोकळा फिरतो. आणि गावातील निम्म्या कालवडी त्याच्यापासून गाभण राहतात! म्हणजे उत्तम बी दळून खायचे व पोचट बी पेरायचे. असे शेतकरी धान्याच्या बाबतीत कधी करील काय? ह्या संबंधात मला पवित्र शास्त्रातील याकोबाच्या गोष्टीची आठवण होते. लाबानाची मेंढरे राखताना त्याने सशक्त मेंढरांवर विशेष लक्ष ठेविले व अशक्तांकडे दिले नाही, म्हणून त्याचा कळप वाढला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात वर्णिले आहे. त्या काळी आनुवंशिकतेचे शास्त्र नव्हते; परंतु सबळापासून सबळ निपजते हे त्या मेंढपाळास कळत होते. आपण मात्र याकोबाच्या नेमके उलट वागतो.

वळूचे महत्त्व हिशेबानेच समजेल. एक गाय आपल्या साऱ्या आयुष्यात पाच-सहा वासरे देते. एक वळू मात्र एका वर्षात पन्नास-साठ गाईंस पुरतो. प्रत्येक वासराचा अर्धा अंश आईकडून व अर्धा बापाकडून येतो. म्हणून गावातील सर्व गाई मिळून वासरांच्या वंशाचा जो अर्धा भाग देतात तेवढाच भाग तो एकटा वळू देतो. वळू म्हणजे अर्धा कळप, असे पशुपालनात म्हणतात ते ह्याच अर्थाने. तो चांगला असला तर तीन-चार वर्षांत गावाचा कळप बदलू लागतो. वाईट असला तर तितक्याच वेगाने बिघडतो. ह्याच कारणास्तव एक वळू तीन वर्षांहून अधिक काळ एका गावी ठेवू नये. नाहीतर त्याच्याच कालवडी त्याच्यापासून गाभण राहतात व खुरटी, रोगट संतती निपजते.

आता प्रश्न असा येतो की, हा उत्तम वंश आणावा कोठून? ह्याचे सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे परदेशी वंशाचा संकर. हा विचार आपल्या देशात नवा नाही. अमेरिकन मिशनरी सॅम हिगिनबॉटम ह्यांनी अलाहाबादजवळ नैनी येथे १९१० साली कृषी विद्यालय स्थापिले. तेथे पुढे जर्सी व लाल सिंधी ह्यांच्या संकरातून 'जर्सिंद' गाई तयार झाल्या. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धालयात कृत्रिम रेतनाचा प्रयोग आपल्या देशात प्रथम यशस्वी झाला. महाराष्ट्रात पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्याच्या दारापर्यंत नेले. ह्या कार्यामुळे असंख्य कुटुंबांस दुधाचे उत्पन्न मिळू लागले, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. जेथे बारमाही हिरवा चारा आहे, पशुवैद्य जवळ आहे व दूध रोज सकाळी विकले जाते, तेथे संकरित गाय घराला वर काढते.

परंतु जेथे ह्या तीनही गोष्टी नाहीत तेथे काय होते, हे मी आमच्याच परिचयाच्या एका घरी पाहिले. त्यांनी कर्ज काढून दूरच्या बाजारातून एक मोठी संकरित गाय आणली. पावसाळ्यात तिने एवढे दूध दिले की शेजारी पाहावयास येत. फाल्गुनात हिरवे संपले. वैशाखातील उष्ण्याने ती तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली. तणस तिला पुरेना, ढेप आणावयास पैसा पुरेना. गोचिडांमुळे ताप भरला आणि डॉक्टर येईपर्यंत तिने मान टाकली. तिचे वासरू गोऱ्हा होता. त्याला वशिंड नाही, जू कोठे ठेवावे? कर्ज मात्र तीन वर्षे फेडावे लागले, आणि त्या पायी घरच्या दोन गावरान गाई विकाव्या लागल्या. ह्यात गाईचा दोष नव्हता. ज्या संगोपनासाठी तिचा वंश घडविला गेला ते तिला मिळाले नाही, एवढेच. मोठे इंजिन आणले, पण कोळसा एका लहान चुलीपुरताच होता.

ह्यावरून आपण आपल्या गावरान जनावराकडे नव्या दृष्टीने पाहावयास शिकले पाहिजे. आपण ज्यांस 'गावठी' म्हणून नाक मुरडतो, त्या गडचिरोली, चंद्रपूर व गोंदिया जिल्ह्यांतील गुरांस २०२३ साली 'कठाणी' ह्या नावाने स्वतंत्र वंश म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. हरियाणातील कर्नाल येथे जनावरांच्या वंशांची नोंद ठेवणारी जी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या यादीत आता आमच्या दारातील गाय विराजमान आहे. भाताच्या चिखलाच्या शेतीत ओढकामास योग्य, हा तिचा विशेष गुण तेथे नमूद आहे. त्याच वेळी विदर्भातील 'पूर्णाथडी' म्हशीसही असाच मान मिळाला. लहान बांधा, थोडा आहार, उन्हापावसाची व चिखलाची सवय हे गुण एका दिवसात आलेले नाहीत. शेकडो वर्षांच्या उन्हाळ्यांनी ही निवड केली आहे. जी गाय वैशाख सोसू शकली नाही तिचा वंश राहिला नाही. जी राहिली तिची ही लेकरे आहेत.

परंतु मान्यता मिळाली म्हणजे वंश टिकला असे होत नाही. आमच्या पश्चिमेस वर्धेकडे 'गवळाऊ' नावाचा चपळ, पांढरा, सुंदर वंश आहे. तो मोठ्या लौकिकाचा. जमनालालजी बजाज ह्यांनी १९४१ मध्ये वर्ध्यास गोसेवा संघाच्या कार्यास वाहून घेतले, आणि हेटीकुंडी येथे ह्या वंशाच्या पैदाशीचे शासकीय केंद्रही निघाले. तरीही वाटेल त्या वळूशी मिश्रण होत गेल्याने शुद्ध गवळाऊ जनावरे पुढे विरळ होत गेली. नाव असून वंश विरत जातो, हा त्यातील धडा कठाणी पाळणाऱ्या आपण वेळीच घेतला पाहिजे.

मग सुधारणा करावयाचीच नाही काय? अवश्य करावी, परंतु ती कशी, ह्याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आहे. तो भाग खऱ्या अर्थाने कोरडा. तेथे वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर. धनगर बांधवांची दख्खनी मेंढी ह्या कोरड्या माळावर तग धरते, पण तिला एका वेळी बहुधा एकच कोकरू होते. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने परदेशातून मोठी मेंढी आणून दख्खनी मेंढीची जागा तिला दिली नाही. बंगालच्या सुंदरबनात 'गरोळ' नावाची एक अगदी लहान मेंढी आहे. तिच्या वंशात जुळी कोकरे होण्याचा एक विशिष्ट गुण आहे. संस्थेने तेवढा एकच गुण दख्खनी मेंढीत आणला, आणि मग पुनःपुन्हा दख्खनी वंशाशीच संकर करीत बाकी मेंढी होती तशीच काटक ठेविली. कोणत्या मेंढीत तो गुण उतरला आहे हे रक्ताच्या तपासणीने ओळखण्याच्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य झाले. अशा मेंढीस त्यांनी 'नारी सुवर्णा' हे नाव दिले. मात्र जुळी कोकरे झाली तर आईला अधिक चारा व कोकरांस अधिक निगा द्यावी लागते; नाहीतर दोन्ही दगावतात. सारांश, घराचा पाया कायम ठेवून उणीव असेल तेवढीच भरून काढावी, आणि गुण वाढेल तशी गव्हाणही वाढवावी. माझ्या मते सुधारणा शब्दाचा खरा अर्थ हाच आहे.

हेच तत्त्व आपल्या गोठ्यास लावून काय काय करता येईल ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात मोठे जनावर दिवसाला चाळीस-पन्नास लिटरपर्यंत पाणी पिते. दिवसातून एकदा नाल्यावर नेऊन हे भागत नाही. गोठ्यात सावलीत सिमेंटचे किंवा मातीचे टाके भरून ठेवावे. ह्याला खर्च थोडा व गुण तत्काळ.

दुसरी गोष्ट तणसाची. १०० किलो तणसास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर लावीत शिंपडावा, थर पायांनी चांगले दाबावे व ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवा शिरणार नाही असा झाकावा. २१ दिवसांनी उघडून, काही वेळ वारा लागू देऊन, प्रथम थोडे थोडे मिसळून खाऊ घालावे. युरियातील नत्र त्या सूक्ष्म जीवांस मिळते व काडीही मऊ होते. पण सावधान! युरियाचे पाणी जनावराने प्याले तर ते विष ठरते. आणि सहा महिन्यांखालील वासरांस असे तणस मुळीच घालू नये. ज्यांस ह्याचे भय वाटेल त्यांनी लाखोळीचे व मुगाचे कुटार जाळून वा फेकून न देता तणसात मिसळावे. त्यात प्रथिने अधिक असतात. बांधीच्या धुऱ्यावर तुरीबरोबर शेवरी लावावी. रानातील गवत पिकून पिवळे होण्याची वाट न पाहता, पाऊस उघडताच फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवावे. त्याचा कस तणसाहून पुष्कळ अधिक असतो.

तिसरी गोष्ट वासराची. जन्मल्यावर तासा-दोन तासांच्या आत त्याला चीक पाजला पाहिजे. रोगाशी लढण्याची शक्ती आईकडून वासरास चिकातूनच मिळते व काही तासांनंतर ती त्याच्या आतड्यात शोषली जात नाही. वार पडेपर्यंत पाजू नये ही समजूत अनेक वासरांच्या मृत्यूस कारण झाली आहे. वासरू उपाशी ठेवून मिळविलेले दूध म्हणजे तीन वर्षांनंतरच्या गाईचीच चोरी होय.

चौथी गोष्ट वळूची. गावातील दोन-तीन उत्तम गोऱ्हे खच्ची न करता गावाच्या नावे राखावेत, त्यांच्या आईचे दूध व बांधा पाहून निवड करावी, आणि बाकीचे मोकाट नर पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावेत. तीन वर्षांनी शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करावी. जेथे कृत्रिम रेतनाची सोय आहे तेथे वेळेचे भान ठेवावे. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते व माज थोडे तासच टिकतो. सकाळी माज दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, असा साधा नियम आहे. एक माज चुकला की २१ दिवसांचा चारा व्यर्थ गेला.

पाचवी गोष्ट गावाची आहे. चराईचे रान एकट्याचे नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांस चराईसह सामूहिक हक्क मिळू शकतात. आपल्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास ते २००९ मध्ये मिळाले. हक्काबरोबर कर्तव्यही येते. ग्रामसभेने ठरविले तर रानाचा एक भाग पावसाळ्यात चराईस बंद ठेवून तेथील गवत कापून आणता येईल, आणि मोहाच्या हंगामात वणवा लागू नये म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून काढता येईल. असे एका घराने केले तर लोक हसतात. साऱ्या गावाने केले तर ती रीत होते.

आणि शेवटची गोष्ट, जी मी खास माझ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेविली आहे. एक कोरी वही घ्या. प्रत्येक गाईस एक पान द्या. ती कधी व्याली, पुन्हा माजावर कधी आली, कोणत्या वळूने भरली, लस कधी टोचली, महिन्यातून एका ठराविक दिवशी दूध किती दिले, एवढेच लिहा. हे काम दिवसाकाठी पाच मिनिटांचे आहे. वडीलधाऱ्या मंडळींस पुष्कळ गोष्टी तोंडपाठ असतात. परंतु स्मृती आवडत्या गाईच्या बाजूने झुकते, वही झुकत नाही. दोन वर्षांनी ती वही उघडून पाहाल तेव्हा दिसेल की ज्या गाईस तुम्ही दुबळी समजत होता तीच दरवर्षी नेमाने वीत आली आहे, आणि जिचा घरात मान मोठा ती दोन वर्षे भाकड बसून चारा खाते आहे. कोणती ठेवावी, कोणाचा गोऱ्हा राखावा, ह्याचा निर्णय मग भांडणावाचून होईल. अंकगणिताचा ह्याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. आपल्या कळपाची स्थिती स्वतः लक्ष घालून जाणावी, हा उपदेश शलमोनाच्या नीतिसूत्रांतही आहे. जाणण्याचे आजचे साधन म्हणजे ही वही होय.

ज्या विद्यार्थ्याच्या बैलाची हकीकत आरंभी सांगितली, त्यानेही अशी वही चालू केली आहे. तिची पाने थोडीच भरली आहेत. गेल्या महिन्यात त्याने ती मला दाखविली. पहिल्या पानावर गाईच्या नावाखाली लिहिले होते: "गोऱ्हा झाला. चीक एका तासात पाजला." त्याच्या खाली वेगळ्या, थरथरत्या अक्षरांत आणखी एक ओळ होती: "गोऱ्हा चांगला आहे. हा विकायचा नाही." ही ओळ कोणाची, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाबांची. ते अक्षरे विसरले होते. ह्या वहीसाठी पुन्हा गिरवली."

आमच्या सर्व विद्यार्थ्यांच्या घरी अशी एक एक वही निघो, येणारा वैशाख आपल्या मुक्या सोबत्यांस सुसह्य होवो, आणि पुढील मृगात कोणाचाही बैल नांगराखाली न बसो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.